पियानोवादकाची कीर्ती त्याच्या आधी सभागृहात आणू नका

प्रति,
मुंबई, पुणे आणि गोवा येथे पाश्चात्य अभिजात संगीताच्या मैफली भरवणाऱ्या संस्थांचे संयोजक, तसेच त्या मैफलींविषयी मजकूर छापणारे संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

परदेशातून एखादा पियानोवादक येणार असला की मैफलीच्या कितीतरी आधीपासून त्याच्याविषयीचा मजकूर आमच्या हाती पडू लागतो. तो आपल्या पिढीतला अग्रगण्य कलाकार आहे, त्याचे तंत्र थक्क करणारे आहे, त्याच्या वादनात विलक्षण काव्य आहे, अमुक स्पर्धेत त्याने परीक्षकांना भारून टाकले होते, हे सगळे आम्हांला त्याचा एकही सूर ऐकण्यापूर्वी कळलेले असते. हा मजकूर बहुतेक वेळा वादकाच्या एजन्सीने तयार केलेला असतो. संयोजक तो कार्यक्रमपत्रिकेत जसाच्या तसा घेतात, वृत्तपत्रे त्यावरून पूर्वप्रसिद्धीचे लेख बेततात, आणि मैफलीनंतर जे परीक्षण छापून येते त्यातही पुष्कळदा तीच विशेषणे थोड्या वेगळ्या क्रमाने भेटतात. हे पत्र त्या प्रथेविषयी आहे. प्रसिद्धी नको, असे माझे म्हणणे नाही. प्रसिद्धीवाचून सभागृह भरत नाही आणि पियानोची मैफल भरवणे किती खर्चाचे असते याची मला जाणीव आहे. माझी तक्रार एवढीच आहे की आपण वादकाची माहिती देण्याऐवजी त्याच्याविषयीचे मत देता, आणि ते मत कानांच्या आधी जागा पटकावून बसते.

असे होते याचा पुरावा म्हणून मी जॉयस हॅटो यांचे प्रकरण आपल्यासमोर ठेवतो. पाश्चात्य संगीताच्या वर्तुळात ते परिचित असले, तरी त्याचा जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याविषयी फारसे बोलले जात नाही. 1928 साली जन्मलेल्या या ब्रिटिश पियानोवादिकेने सत्तरच्या दशकात जाहीर कार्यक्रम थांबवले आणि पुढे ती जवळजवळ विस्मरणात गेली. त्यानंतर तिचे पती विल्यम बॅरिंग्टन-कूप यांच्या ‘कॉन्सर्ट आर्टिस्ट’ या छोट्या कंपनीकडून तिच्या नावावर एकामागून एक सीडी निघू लागल्या, आणि त्यांची संख्या शंभराच्या वर गेली. बेटोव्हन, शोपाँ, लिस्ट, ब्राम्स, रखमानिनोव्ह, गोदोव्स्कीने शोपाँच्या एट्यूडवर (म्हणजे अभ्यासिकांवर) रचलेल्या भयंकर अवघड अभ्यासिका, असे पियानोचे जवळजवळ सगळे साहित्य त्यात होते. सोबत एक कहाणी होती. कर्करोगाने ग्रासलेली, जगाने विसरलेली एक वृद्ध स्त्री दुखण्याशी झुंज देत, कुणाच्या टाळ्यांची अपेक्षा न ठेवता, आयुष्यभराची साधना मुद्रित करून ठेवते आहे, अशी ती कहाणी. ती आधी इंटरनेटवरच्या रसिकांत पसरली आणि तेथून नियतकालिकांच्या समीक्षकांपर्यंत पोहोचली. 2005 साली अमेरिकेतल्या एका नामांकित समीक्षकाने तिला, जवळजवळ कुणी नाव न ऐकलेली, पण हयात पियानोवादकांमधली सर्वश्रेष्ठ, असे म्हटले. जून 2006 मध्ये ती वारली तेव्हा लंडनच्या मोठ्या वृत्तपत्रांनी तिच्यावर भरभरून मृत्युलेख छापले.

फेब्रुवारी 2007 मध्ये तिच्या नावाची लिस्टच्या ‘ट्रान्सेंडेंटल’ अभ्यासिकांची सीडी कुणीतरी संगणकात घातली. सीडीवरच्या खंडांची लांबी पाहून ती ओळखणाऱ्या यंत्रणेने पडद्यावर हॅटो यांचे नाव न दाखवता लास्लो सिमोन या हंगेरीत जन्मलेल्या पियानोवादकाचे नाव दाखवले. त्याचे हे वादन स्वीडनच्या ‘बिस’ कंपनीने कितीतरी आधी प्रसिद्ध केले होते. ‘ग्रामोफोन’ मासिकाने ध्वनितज्ज्ञाकडून तपासणी करवली तेव्हा त्या सीडीचा बहुतेक भाग सिमोनच्या मुद्रणातून उचललेला निघाला. मग एकेक थर उलगडत गेला. रखमानिनोव्हचा तिसरा पियानो कंचेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना, येफिम ब्रॉन्फमनचा निघाला, ब्राम्सचा दुसरा व्लादिमीर अश्केनाझीचा निघाला. शोपाँच्या माझुर्का, म्हणजे पोलिश नृत्याच्या लयीतल्या छोट्या रचना, युजीन इंजिच यांच्या निघाल्या, आणि ते तर त्याच सुमारास लंडन विद्यापीठातल्या संशोधकांना स्वतंत्रपणेच आढळून आले होते, कारण एकाच माझुर्काची अनेकांची वादने संगणकावर शेजारी शेजारी ठेवून तुलना करण्याचे त्यांचे काम चालू होते. काही खंडांचा वेग किंचित कमीजास्त करून चोरी झाकलेली होती. कंचेर्टोंवर वाद्यवृंद-संचालक म्हणून ज्या रेने कोहलरचे नाव होते, तो माणूस अस्तित्वात असल्याचा पत्ताच लागला नाही. मात्र विचारणा झाल्यावर त्याचे एक करुण चरित्र समीक्षकांना पुरवण्यात आले होते. शेवटी बॅरिंग्टन-कूप यांनी ‘बिस’च्या प्रमुखांना पत्र लिहून कबुली दिली.

या प्रकरणाची चर्चा होते तेव्हा लोक फसवणुकीबद्दल बोलतात. ते साहजिक आहे, पण चोर पकडला गेला की ती गोष्ट संपते. मला जी गोष्ट संपलेली वाटत नाही ती समीक्षकांची आहे, आणि त्यांच्या जोडीने आपल्या सर्वांची. सिमोनची मूळ मुद्रणे बाजारात उपलब्ध होती. ती काही दडवून ठेवलेली नव्हती. तेच सूर, तोच स्पर्श, तेच पेडल सिमोनच्या नावाखाली वर्षानुवर्षे दुकानांत पडून राहिले आणि त्यासाठी कुणी अग्रलेख लिहिले नाहीत. हॅटो यांचे नाव आणि ती कहाणी चिकटताच त्याच ध्वनीत लोकांना आयुष्याचे सार ऐकू येऊ लागले. रखमानिनोव्हच्या बाबतीत तर एका ब्रिटिश समीक्षकाने ब्रॉन्फमनच्या नावाने निघालेल्या मुद्रणाविषयी हात आखडता घेऊन लिहिले होते, आणि पुढे हॅटो यांच्या नावाने तेच वादन समोर आल्यावर त्याची मुक्तकंठाने वाहवा केली. हा समीक्षक अडाणी नव्हता, लाचखाऊ तर नव्हताच. त्याचे कान चांगले होते आणि त्याची दोन्ही मते प्रामाणिक होती, असेच मी मानतो. त्यामुळे तर ही गोष्ट अधिक गंभीर ठरते, कारण तयारीच्या माणसाच्या प्रामाणिक मतावरही प्रसिद्धी एवढे काम करू शकत असेल, तर वर्षातून दोनदा पियानो ऐकायला येणाऱ्या श्रोत्याचे काय होत असेल, याचा विचार आपण करायला हवा.

याच प्रकरणातला आणखी एक धागा सांगतो. हॅटो यांची स्तुती करताना अनेकांनी लिहिले होते की प्रत्येक संगीतकारासाठी त्या जणू वेगळ्याच व्यक्ती होतात. लिस्ट वाजवणारा हात आणि शोपाँ वाजवणारा हात एकाच बाईचा आहे यावर विश्वास बसत नाही. ते हात खरोखरच निरनिराळे होते. कान बरोबर सांगत होते; मात्र कानांनी दिलेली साक्ष कहाणीच्या बाजूने लावून घेतली गेली, आणि जी शंका यायला हवी होती तिचे कौतुकात रूपांतर झाले. प्रसिद्धी आपल्याला बहिरे करत नाही. आपण जे ऐकतो त्याचा अर्थ ती आधी ठरवून देते, आणि म्हणून मला ती साध्या खोटेपणापेक्षा अधिक काळजी करण्याजोगी वाटते.

रखमानिनोव्हच्या तिसऱ्या कंचेर्टोचे नाव आलेच आहे, तर त्याविषयी थोडे थांबून सांगतो. 1996 साली डेव्हिड हेल्फगॉट या ऑस्ट्रेलियन पियानोवादकाच्या आयुष्यावर चित्रपट आला आणि ही रचना म्हणजे वादकाला मोडून टाकणारा डोंगर आहे, अशी ख्याती जगभर झाली. पुढच्याच वर्षी मानसिक आजारातून गेलेल्या हेल्फगॉटचा जगभर दौरा निघाला, सभागृहे भरली, त्याची सीडी प्रचंड खपली, आणि वृत्तपत्रांतल्या समीक्षकांनी त्या वादनावर कठोर टीका केली. त्या माणसाला मी बोल लावत नाही. माझा मुद्दा रचनेचा आहे. या कंचेर्टोची सुरुवात अगदी साधी आहे: तंतुवाद्यांच्या हळुवार साथीवर पियानोवादक दोन्ही हातांनी, एका सप्तकाच्या अंतराने, एकच सुरावट वाजवतो. त्यात स्वरगुच्छ नाहीत, झटापट नाही, बोटांची करामत नाही. वादकाला येथे लपायला जागा नसते. सुरावट श्वास घेते की नुसती पुढे ढकलली जाते, हे पहिल्या मिनिटातच कळते. पण ‘जगातला सर्वांत अवघड कंचेर्टो’ असे वाचून आलेला श्रोता तुफानाची वाट पाहत बसलेला असतो, आणि ज्या ठिकाणी वादकाची खरी पारख होऊ शकली असती ते ठिकाण त्याच्या हातून निसटून जाते. कार्यक्रमपत्रिकेत त्या सुरावटीबद्दल तीन ओळी असत्या, तर त्याने ती ऐकली असती.

वॉर्सॉमधली 1980 ची शोपाँ स्पर्धा हे दुसरे उदाहरण. ते अधिक नाजूक आहे, कारण त्यात कुणीही कुणाला फसवले नाही. युगोस्लाव्हियाचा तरुण वादक इवो पोगोरेलिच अंतिम फेरीपूर्वीच बाद झाला. परीक्षक मंडळातल्या नामवंत पियानोवादिका मार्था आर्गेरिच यांनी, हा मुलगा प्रतिभावंत आहे, असे सांगून मंडळाचा राजीनामा दिला. आर्गेरिच यांनी जे ऐकले त्यावर त्या बोलल्या, आणि त्यांचे ते मत आदरणीयच आहे. पण ते मत लगोलग बातमी झाले, बातमीची जाहिरात झाली, आणि पोगोरेलिच एका मोठ्या जर्मन कंपनीच्या ध्वनिमुद्रिकांवर झळकला. ती स्पर्धा जिंकली कोणी? हनोईत जन्मलेल्या डांग थाई सॉन याने. ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला आशियाई वादक होता. माझुर्का, पोलोनेझ (हाही एक पोलिश नृत्यप्रकार) आणि कंचेर्टो या तिन्हींसाठीचे विशेष पुरस्कारही त्यालाच मिळाले. युद्धकाळात त्याचे शिक्षण खेड्यात हलवलेल्या संगीतशाळेत, आईच्या हाताखाली झाले होते. तरीही 1980 ची स्पर्धा म्हटले की आजही लोकांना हरलेल्याचे नाव आधी आठवते. मला दोघांचेही वादन आवडते, आणि पोगोरेलिचमध्ये काही विलक्षण होते हे मी नाकारत नाही. पण माझुर्काच्या लयीत तिसऱ्या मात्रेला जे किंचित रेंगाळणे असते ते डांग थाई सॉनकडून ऐकताना, हा माणूस आपल्या श्रोत्यांना इतका कमी माहीत कसा, असा प्रश्न मला पडतो. 2021 साली हीच स्पर्धा त्याचा विद्यार्थी ब्रूस लिऊ याने जिंकली तेव्हा पुष्कळांनी गुरूचे नाव प्रथमच वाचले असेल.

डोळ्यांच्या बाबतीतही हेच घडते. 2013 साली चिया-जुंग त्साय या संशोधिकेने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या अंतिम फेरीतल्या वादकांच्या छोट्या फिती देण्यात आल्या. कुणाला नुसता आवाज, कुणाला आवाज नसलेले चित्रण, कुणाला दोन्ही. प्रत्यक्षातला विजेता ओळखण्यात ज्यांनी मूक चित्रण पाहिले ते सरस ठरले, आणि व्यावसायिक संगीतकारही याला अपवाद नव्हते. निर्णय करताना आवाजच सर्वांत महत्त्वाचा, असे मात्र बहुतेकांनी आधी सांगितले होते. तेव्हा पत्रिकेच्या मुखपृष्ठावरचे डोळे मिटलेले, मान मागे टाकलेले छायाचित्र निरुपद्रवी आहे, असे आपण समजू नये. 2011 मध्ये लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोल या खुल्या रंगमंचावर युजा वांग या चिनी पियानोवादिकेने रखमानिनोव्हचा हाच तिसरा कंचेर्टो वाजवला आणि चर्चा झाली ती तिच्या आखूड केशरी पोशाखाची. एवढ्या ताकदीच्या कलावतीवर आजही तोच अन्याय चालू आहे.

आता एक वेगळे उदाहरण देतो, कारण प्रसिद्धीपुढे समीक्षक हतबलच असतो, असा समज मला करून द्यायचा नाही. जून 1983 मध्ये पियानोवादक व्लादिमीर होरोविट्झ प्रथमच जपानला गेला. तो 79 वर्षांचा होता, विसाव्या शतकातली एक दंतकथा होता, आणि टोकियोतल्या त्याच्या मैफलीचे सर्वांत महाग तिकीट 50,000 येनचे होते. इतके पैसे मोजून आलेल्या, इतकी वर्षे वाट पाहिलेल्या माणसाला आपण थोर वादन ऐकले असे वाटायलाच हवे होते. पण त्या काळात होरोविट्झ औषधांच्या अमलाखाली होता आणि त्या रात्री शूमानच्या ‘कार्नावाल’सकट बरेच काही विस्कटले. जपानचे ज्येष्ठ समीक्षक हिदेकाझू योशिदा यांनी त्याच्याविषयी स्पष्ट शब्दांत सांगितले की ही एक जुनी मौल्यवान वस्तू आहे, पण तिला तडे गेले आहेत. त्यांच्या स्वरात आकस नव्हता. होरोविट्झचा मोठेपणा त्यांनी नाकारला नाही, आणि त्या रात्रीचे वादन त्या मोठेपणामागे दडवलेही नाही. 1986 साली औषधे सुटलेला होरोविट्झ मॉस्कोची अविस्मरणीय मैफल करून पुन्हा टोकियोला आला, तेव्हा त्याच योशिदांनी त्याची मनापासून प्रशंसा केली. त्या प्रशंसेला वजन होते, कारण तीन वर्षांपूर्वी त्यांनी खरे सांगितले होते. मला आपल्याकडच्या परीक्षणांतून हवे आहे ते हेच.

आणि ते आपल्याकडे अशक्य आहे, असे मी मुळीच मानत नाही. मराठी श्रोता हा जात्या कानसेन आहे. सवाईच्या मंडपात मोठ्यात मोठ्या गवयाच्या बाबतीतही, ‘आज आवाज लागला नाही’, ‘विलंबित चांगले झाले, द्रुतात घाई केली’, ‘राग नुसता दाखवला, मांडला नाही’, असे चहाच्या स्टॉलवर उभे राहून सांगणारी माणसे आपल्याला भेटतात, आणि त्यात गवयाचा अनादर आहे असे कुणी समजत नाही. हाच श्रोता पियानोच्या मैफलीला गेला की गप्प होतो. ‘आपल्याला यातले काय कळते’ या संकोचाने तो पत्रिकेतले मत उसने घेतो आणि शेवटी सगळे उभे राहिले की उभा राहतो. त्याचे कान तेच आहेत. ख्यालाच्या बाबतीत त्याला बंदिश, राग, ताल, घराणे यांची माहिती असते म्हणून त्याला मत बनवण्याचे धैर्य होते. पियानोच्या बाबतीत आपण त्याला रचनेची माहिती देत नाही आणि वादकाच्या मोठेपणाची ग्वाही मात्र देतो. आपण बाहेरून आणलेल्या विशेषणांनी त्याचा संकोच वाढवता. माझे सगळ्यात जास्त दुःख याचे आहे.

म्हणून संयोजकांना माझी विनंती अशी की कार्यक्रमपत्रिकेची पहिली पाने रचनांना द्यावीत. ‘शोपाँ: बॅलड’ एवढे छापून भागत नाही, कारण शोपाँने चार बॅलड लिहिले आहेत, कोणता, कोणत्या स्वरातला, कधीचा, त्यात कोठे काय घडते आणि कोणत्या जागी वादकाला स्वतःचा निर्णय घ्यावा लागतो, हे मराठीत आणि इंग्रजीत लिहावे. सोनाटाचे, म्हणजे अनेक भागांच्या रचनेचे, किती भाग आहेत हे कळले की श्रोता मध्येच टाळ्या वाजवण्याच्या भीतीतूनही सुटतो. हे लिहू शकणारे पियानोशिक्षक मुंबई-पुण्यात आणि गोव्यात आहेत. त्यांना योग्य मानधन देऊन लिहायला सांगावे. वादकाचा परिचय शेवटी असावा आणि त्यात तो कोणाकडे शिकला, काय वाजवतो, काय मुद्रित केले आहे, एवढेच असावे. परदेशी वृत्तपत्राचे कौतुक उद्धृत करायचेच असेल तर ते कोणत्या मैफलीविषयी, कोणत्या वर्षी, कोणी लिहिले हे सोबत द्यावे. दहा वर्षांपूर्वीच्या एका परीक्षणातला ‘तेजस्वी’ हा एकच शब्द, मागचापुढचा मजकूर कापून, यंदाच्या मैफलीच्या जाहिरातीत घालणे योग्य नव्हे. मूळ वाक्यात पुढे ‘पण’ होते की नव्हते, हे वाचकाला कळण्याचा काही मार्ग राहत नाही.

संपादकांना माझी विनंती आहे की संयोजकांकडून आलेले प्रसिद्धीपत्रक बातमी म्हणून छापू नये, आणि छापलेच तर ते कोणाकडून आले हे सांगावे. ज्याने मैफलीपूर्वी वादकाची मुलाखत घेऊन कौतुकाचा लेख लिहिला, त्यालाच दुसऱ्या दिवशी परीक्षण लिहायला पाठवू नये. माणूस स्वतःच्याच छापील शब्दांविरुद्ध सहसा लिहीत नाही. परीक्षणासाठी जागा थोडी असेल तर वादकाच्या चरित्राचा परिच्छेद कापावा आणि त्या संध्याकाळी काय ऐकू आले त्याला ती जागा द्यावी. एखादी मैफल जमली नाही असे परीक्षकाने लिहिले आणि त्यामुळे संयोजक नाराज झाले, तर संपादकाने परीक्षकाच्या पाठीशी उभे राहावे. संयोजकांनीही पुढच्या वेळी त्याचे निमंत्रण थांबवू नये.

यात आपले काही नुकसान होईल, अशी भीती आपल्याला वाटेल. मोठ्या नावाशिवाय तिकिटे खपत नाहीत हा आपला अनुभव मी खोटा ठरवत नाही. पण ज्याला एकदा एखाद्या रचनेतली जागा ऐकू आली, तो पुढच्या वेळी नाव अपरिचित असले तरी त्या रचनेसाठी येतो. ख्यालाच्या मैफलींना तरुण, अनोळखी गायकांसाठीही जाणकार श्रोते येतात, ते याच कारणाने. आपल्या पुढच्या हंगामात निदान एका मैफलीच्या बाबतीत हे करून पाहावे. त्या मैफलीसाठी नाव नसलेला पण तयारीचा वादक निवडावा, आपल्याकडचाही चालेल, त्याच्यासाठी एकही विशेषण छापू नये, आणि मध्यंतरात श्रोते काय बोलतात ते आपण स्वतः बाहेर उभे राहून ऐकावे. अशा मैफलीचे तिकीट मी पूर्ण किंमत देऊन घेईन आणि आणखी चार जणांना सोबत आणीन. रचनांवरची टिपणे लिहिण्यासाठी, तपासण्यासाठी किंवा मराठीत आणण्यासाठी मदत हवी असल्यास ती विनामोबदला करण्यास मी तयार आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहतो. कळावे.

आपला,
पियानो ऐकणारा एक मराठी श्रोता